सकाळी विंडोज, दुपारी मिंट: अभ्यासिकेच्या संगणकाच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

दारव्हा तालुक्यातलं गाव, ग्रामपंचायतीची अभ्यासिका. सरपंचांनी फोनवर तक्रार सांगितली ती तशीच लिहून ठेवतो, यापेक्षा नेमकी मला मांडता आली नसती: "भाऊ, सकाळी पायलं तं विंडोज निंगते, दुपारी पायलं तं थे हिरवं वालं. कोनतं निंगावं हे ठरवते कोन?"

हिरवं वालं म्हणजे लिनक्स मिंट, विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टीम.

मशीन: कुठल्याशा ऑफिसातून निवृत्त झालेला डेस्कटॉप. चौथ्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम. आत दोन डिस्क. ५०० जीबीची जुनी हार्ड डिस्क, तिच्यावर विंडोज १०. मागाहून बसवलेली २४० जीबीची एसएसडी, तिच्यावर मिंट २२.

दोन्ही सिस्टीम ठेवायच्याच आहेत, हे आधीच विचारून घेतलं. इथले बरेच पोट्टे लिपिक-टंकलेखकाची तयारी करतात. त्याला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट वेगाचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यांचं सरावाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. इंटरनेट मात्र मिंटवरच. विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) व इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. म्हणून विंडोजमधलं नेटवर्क कार्ड कोणीतरी बंद करून ठेवलंय. शहाणपणाचं केलंय, तसंच राहू देतो.

माझ्या आधी दोघं जण बघून गेले. एकाच्या मते एसएसडी गेली, दुसऱ्याच्या मते व्हायरस. एसएसडी गेली असती तर दुपारी परत आली नसती. व्हायरसचं म्हणाल तर आपल्या धंद्यात ते उत्तर नसून बिल आहे.

दोन पोरांनी एक युक्ती शोधून काढलीय. सुरू करताना एफ२ दाबून सेटअपमध्ये जायचं, बूट मोड (मशीन कोणत्या पद्धतीनं सुरू व्हावं ते) "फक्त लेगसी", म्हणजे फक्त जुनी पद्धत, असतो तो "दोन्ही" करायचा, सेव्ह करायचं. मग मिंट निघतं. त्यानंतर एफ१२ दाबून हवी ती डिस्क निवडता येते. दिवसभर ठीक चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा "फक्त लेगसी".

आज कशालाही हात लावला नाही. सेटअपच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो घेतला.

४ नोव्हेंबर, मंगळवार

दुकानात बसून फोटो बघितले. "कोणतं निघावं" हे एका जागी ठरत नाही, तीन जागी ठरतं, आणि लोक बहुतेक तिसऱ्या जागी भांडत बसतात.

पहिली जागा फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डमध्येच असलेला, मशीन सुरू करणारा प्रोग्राम. बायोस म्हणा, यूईएफआय म्हणा. डिस्ककडे कोणत्या पद्धतीनं बघायचं हे ते ठरवतं. लेगसी पद्धतीत डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर वाचायचा आणि तिथला कोड चालवायचा, एवढंच. यूईएफआय पद्धतीत डिस्कवर फॅट३२ चं एक छोटं ईएफआय पार्टिशन (डिस्कचा वेगळा कप्पा) शोधायचं आणि त्यातली, सिस्टीम सुरू करणाऱ्या लोडरची फाइल उघडायची.

दुसरी जागा म्हणजे मदरबोर्डच्या फ्लॅश चिपमधली नावांची यादी. कोणत्या डिस्कच्या कोणत्या पार्टिशनवर कोणती फाइल आहे, आणि कोणाचा नंबर पहिला. ही यादी फक्त यूईएफआय पद्धतीत कामाला येते.

तिसरी जागा ग्रबचा, म्हणजे मिंटसोबत येणाऱ्या लोडरचा, काळा मेनू. तो दिसतो, म्हणून सगळे त्यालाच धरतात.

इथे हार्ड डिस्कवरचं विंडोज लेगसी पद्धतीनं बसवलेलं आहे, पार्टिशन टेबल (डिस्कवरच्या कप्प्यांची यादी) जुन्या एमबीआर जातीचं. एसएसडीवरचं मिंट यूईएफआय पद्धतीनं, टेबल नव्या जीपीटी जातीचं. यूईएफआयमधून सुरू झालेला ग्रब लेगसीतलं विंडोज सुरू करू शकत नाही. ग्रबच्या सेटिंगमध्ये ओएस-प्रोबर (दुसऱ्या सिस्टीम शोधून मेनूत टाकणारा प्रोग्राम) चालू होता. मूळ ग्रबमध्ये २०२१ च्या २.०६ आवृत्तीपासून तो बंद येतो, पण मिंट तो चालू ठेवतं. तरी मेनूत विंडोज आलं नाही, आणि येणारही नव्हतं. यूईएफआयमध्ये असताना ओएस-प्रोबर लेगसी लोडर बघून सोडून देतो.

मग सकाळची गोष्ट सरळ आहे. मोड "फक्त लेगसी" झाला की एसएसडीवर लेगसीच्या कामाचं काही नाही, हार्ड डिस्कवर आहे, म्हणून विंडोज. मोड "दोन्ही" झाला की यादीतलं पहिलं नाव, म्हणजे मिंट. मशीन काहीच ठरवत नाही, मोड बघून चालतं. रोज रात्री मोड बदलतो कसा, एवढंच शोधायचं.

(त्या यादीत मिंटचं नाव "उबुंटू" असं दिसतं. मिंट उबुंटूवर बेतलेलं आहे आणि ईएफआय पार्टिशनमध्ये त्याच नावाचं फोल्डर वापरतं. पोरांनी विचारलं होतं की हे तिसरं कोण. कोणी नाही.)

६ नोव्हेंबर, गुरुवार

काल कार्तिक पौर्णिमेची सुट्टी, अभ्यासिका बंद. मुद्दाम आज पहाटे आलो, कुलूप उघडताना हजर राहायचं होतं. रस्त्यानं कापूस वेचायला निघालेल्या बायांच्या रिक्षा.

अभ्यासिका सांभाळणाऱ्या ताईंनी दार उघडलं आणि आधी भिंतीवरचं मेन वर केलं. तिथेच थांबलो.

"ताई, मेन रोज बंद करता का?"

"रोजच करतो भाऊ. पावसाळ्यात इज पडते, मांगं पंख्याचं रेग्युलेटर जळालं. अन् बिलबी कमी येते."

संगणक सुरू केला. विंडोज. कोपऱ्यातलं घड्याळ: १ जानेवारी २०१३.

मग टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधली सरावाची नोंदवही उघडली, आणि खरं काम तिथे झालं. प्रत्येक सरावाची तारीख आणि वेळ त्यात आपोआप पडते. सकाळच्या पोरांचे सगळे सराव २०१३ सालचे. दुपारच्या पोरांची तारीख बरोबर, वेळ मात्र चुकीची. चार वाजता बसलेल्या मुलीच्या नावावर सकाळी साडेदहा. तिला विचारलं, ती त्या वेळी कॉलेजात होती.

दोन वेगळे रोग एकाच घड्याळात मिसळलेत. साडेपाच तासांचा फरक जुना ओळखीचा आहे. मदरबोर्डच्या घड्याळात मिंट जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजून दाखवतं, आणि भारत जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. त्याचा बूटशी काही संबंध नाही. आधी आलेल्यांनी तेवढंच बघितलं असेल तर "ड्युअल बूट (एका मशीनवर दोन सिस्टीम) आहे, घड्याळ चुकणारच" म्हणून सोडलं असणार. २०१३ मात्र वेगळं. घड्याळच शून्यावर गेलं की ते साल येतं.

मिंटमध्ये हे कोणालाच कळलं नाही कारण मिंट इंटरनेटवरून वेळ घेतं. इतकंच नाही, शेवटची माहीत असलेली वेळ ते डिस्कवर लिहून ठेवतं आणि सुरू होताना घड्याळ त्याच्या मागे जाऊ देत नाही. विंडोजला इथे नेट नाही, ते बोर्डाच्या घड्याळावर विसंबून. म्हणजे बोर्डाचं खरं काय चाललंय हे फक्त विंडोज सांगत होतं, आणि सगळे दोष त्यालाच देत होते.

बोर्डावरचा सेल गेलाय. पाहिल्याशिवाय लिहायची माझी सवय नाही, पण लिहितो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मेन बंद, केबल काढली, कॅबिनेट उघडलं. धूळ अपेक्षेपेक्षा कमी. सेल काढून मल्टिमीटर लावला: २.१ व्होल्ट. सीआर२०३२ जातीचा सेल ३ व्होल्टचा असतो, नवा असला तर थोडा वरच दाखवतो.

भिंतीतली वीज चालू असली की संगणक बंद असतानाही पॉवर सप्लाय बोर्डाला ५ व्होल्टची स्टँडबाय वीज देत राहतो आणि सेलला काम राहत नाही. इथे रोज संध्याकाळी मेन खाली. रात्रभर सगळा भार त्या बटणाएवढ्या सेलवर. तो दमला की घड्याळ शून्यावर आणि सेटअपमधली सेटिंग कारखान्यातल्यासारखी. या बोर्डाची कारखान्यातली सेटिंग म्हणजे "फक्त लेगसी". दुपारी लाईन थोडा वेळ गेली तर काही होत नाही, कारण तेवढा वेळ सेल कसाबसा धरतो.

मिंटचं नाव मात्र यादीतून कधी गेलं नाही, कारण ती यादी फ्लॅश चिपमध्ये आहे, सेलवर नाही. सेटिंग पाटीवर खडूनं लिहिलेली, यादी दगडावर कोरलेली. म्हणून पोरांची युक्ती रोज चालायची. नुसता मोड बदलला की नाव जागेवर सापडायचंच.

ताईंना सांगितलं की मेन बंद करणं सोडू नका. त्यांचंच बरोबर आहे. विजेचा एक फटका बसला तर सेलच काय, बोर्डच जाईल.

सेल आणायला दारव्ह्याला. पहिल्या दुकानातला पाकीटबंद सेल मीटरवर २.७ भरला. किती वर्षं पडून होता देव जाणे. घड्याळवाल्याकडून दुसरा घेतला, ३.२. सेल विकत घेताना मीटर खिशात ठेवावा. दुकानदार हसतात, हसू द्यावं.

सेल बसवला, तारीख-वेळ भरली, मोड "दोन्ही, यूईएफआय आधी" केला. बाकीची पानं सोमवारच्या फोटोंशी ताडून बघितली. साटा मोड (बोर्ड डिस्कशी कसं बोलतं ते) एएचसीआय आहे ना, हे खास तपासलं. तो बदलला गेला असता तर विंडोज निळ्या पडद्यावर अडकलं असतं आणि नवंच कोडं सुरू झालं असतं.

१० नोव्हेंबर, सोमवार

रविवार मधे जाऊनही सकाळी घड्याळ बरोबर, मोड जागेवर, मिंट निघालं. ताईंनी फोन करून सांगितलं.

इथे काम थांबवता आलं असतं. सरपंच म्हणाले, "झालं ना मंग." अर्धंच झालं. विंडोजसाठी पोरांना अजून एफ१२ दाबावं लागतं, तेही पडद्यावर कंपनीचं नाव असेपर्यंतच. नवीन पोट्ट्याला ते जमत नाही, मग तो सेटअपमध्ये शिरून काहीतरी बदलतो. दोन्ही सिस्टीम एकाच पद्धतीनं सुरू होत नाहीत तोवर ही गडबड मिटणार नाही.

दोन वाटा. मिंट पुन्हा लेगसीत बसवायचं, किंवा विंडोजची डिस्क यूईएफआयमध्ये आणायची. पहिली वाट सोपी, पण मागे जाणारी. दुसरी घेतो. विंडोज १० मध्ये १७०३ आवृत्तीपासून एमबीआर२जीपीटी नावाची सोय आहे, ती माहिती न पुसता टेबल बदलते.

मिंटमध्ये एक ओळ टाकून बोर्डाचं घड्याळ स्थानिक वेळेवर केलं. जाणकार उलटं सांगतात, विंडोजलाच जागतिक वेळ शिकवा म्हणतात. ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात तिथे ते खरं. आपल्याकडे ती भानगड नाही, आणि विंडोज पुन्हा टाकायची वेळ आली तर त्यासाठी रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये) टाकावी लागणारी ओळ कोणाच्या लक्षात राहणार नाही. साडेपाच तासांचा रोग गेला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बॅकअप. क्लोनझिलाच्या पेनड्राइव्हवरून सुरू करून अख्ख्या हार्ड डिस्कची प्रतिमा बाहेरच्या डिस्कवर घेतली. त्याआधी हार्ड डिस्कचा स्मार्ट अहवाल (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) बघितला, खराब सेक्टर नाहीत.

प्रतिमा होईस्तोवर पोरांशी गप्पा. एक जण पोलीस भरतीचा, सकाळी रस्त्यावर धावतो आणि दुपारी इथे येऊन झोपतो असं बाकीचे म्हणतात.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दुकानातला यूपीएस सोबत नेला. अभ्यासिकेच्या यूपीएसची बॅटरी मेलेली आहे, आणि लाईनच्या भरवशावर पार्टिशन टेबलला हात लावायचा नाही.

आधी नुसती तपासणी चालवली. नापास. कारण लगेच दिसलं: डिस्कवर चार प्राथमिक पार्टिशन. सिस्टीम रिझर्व्ह्ड, सी, डी आणि रिकव्हरी. एमबीआरमध्ये चारच मावतात, आणि या सोयीला जास्तीत जास्त तीन चालतात, कारण ईएफआय पार्टिशनला एक जागा लागते.

डी मध्ये काय आहे? ग्रामसभेचे फोटो, वृक्षलागवडीचे फोटो, कोणाच्या तरी लग्नाचा व्हिडिओ. ताई म्हणाल्या, "लग्नाचा राहू द्या, थे ग्रामसेवक भाऊचं हाय, बदली झाली त्याहिची." सगळं एसएसडीवर कॉपी केलं, फाइलींची संख्या आणि आकार जुळवून बघितले, मग डी उडवलं.

पुन्हा तपासणी, पास. मग खरी आज्ञा. चालू विंडोजमधूनच करायचं असेल तर तसा वेगळा शब्द जोडावा लागतो, नाहीतर ती नकार देते. काम मिनिटाच्या आत झालं. एवढ्यासाठी यूपीएस वाहून आणला, पण ते मिनिट तसंच असतं.

यानंतर हे विंडोज लेगसीत निघणार नाही, म्हणून सेटअपमध्ये मोड "फक्त यूईएफआय". जुनं वेगळं ग्राफिक्स कार्ड असतं तर इथे पडदा काळा राहण्याची भीती होती. इथे बोर्डावरचंच ग्राफिक्स आहे, काही अडलं नाही. विंडोज निघालं. पुन्हा सुरू केलं, मिंट निघालं.

याच कारणासाठी सेल आधी आणि टेबल नंतर. उलट्या क्रमानं केलं असतं तर दुसऱ्या दिवशी सकाळी मोड लेगसीवर गेला असता आणि दोन्हीपैकी काहीच निघालं नसतं.

जीपीटीवर चारची अट नाही. नवीन डी बनवलं, फोटो परत ठेवले, लग्नासकट.

विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद केलं. ते चालू असेल तर "शट डाउन" म्हणजे अर्धी झोप. विंडोजचं एनटीएफएस पार्टिशन कुलूपबंद राहतं आणि मिंट ते फक्त वाचण्यापुरतं उघडतं. पोरं म्हणायची की मिंटमधून डी मध्ये फाइल सेव्ह होत नाही. ते हेच.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आता ग्रबच्या मेनूत विंडोज आपसूक आलं. बहुतेक जण इथे थांबतात, मला ते पटत नाही. मेनू दहा-पंधरा सेकंद दिसतो, पोरगा तेवढ्यात पाण्याची बाटली भरायला जातो, परत येतो तर मिंट उघडलेलं. वेळ वाढवली तर बाकीच्यांना रोज थांबावं लागतं.

यूईएफआयमध्ये बूटनेक्स्ट नावाची सोय आहे. "फक्त पुढच्या एका वेळेला अमुक नावानं सुरू हो" असं लिहून ठेवता येतं, आणि एकदा वापरलं की फर्मवेअर ते स्वतःच पुसतं. मिंटच्या डेस्कटॉपवर एक चिन्ह केलं: "टायपिंग (विंडोज)". त्याच्यामागे छोटी स्क्रिप्ट. यादीतून विंडोज बूट मॅनेजरचा क्रमांक शोधायचा, बूटनेक्स्टमध्ये टाकायचा, रीस्टार्ट. क्रमांक स्क्रिप्टमध्ये कायमचा लिहिला नाही, नावावरून शोधतो, कारण विंडोज दुरुस्त केलं किंवा फर्मवेअर बदललं की क्रमांक बदलू शकतो. विनापासवर्ड परवानगी फक्त त्या एका स्क्रिप्टला, आणि ती फाइल फक्त रूटला (मिंटच्या मुख्य खात्याला) बदलता येते.

उलट दिशेला काही करायचं नाही. विंडोज बंद करून पुन्हा सुरू केलं की मिंट.

ताईंनी स्वतः दाबून बघितलं. "बस? एवढंच?" एवढंच.

१ डिसेंबर, सोमवार

केबलची परीक्षा. हार्ड डिस्कची साटा केबल काढली: मिंट निघालं. ती लावून एसएसडीची काढली: विंडोज निघालं. दोन्ही डिस्कवर आपापलं ईएफआय पार्टिशन आहे, एक मेली तरी दुसरी उभी राहते. ग्रबच्या भरवशावर विंडोज ठेवलं असतं तरी हे जमलं असतं, पण एसएसडी गेलेल्या दिवशी आधी सवय मोडावी लागली असती.

एसएसडी परत लावल्यावर यादीत विंडोज वर सरकलं होतं. एखादी डिस्क दिसेनाशी झाली की काही फर्मवेअर क्रम नव्यानं मांडतात. मिंट पुन्हा वर घेतलं. चिन्ह दाबून विंडोजमध्ये गेलो, आलो, क्रम टिकला.

सेटअपला पासवर्ड लावला, एफ१२ मोकळं ठेवलं. युक्तीवाली दोन पोरं थोडी नाराज. पासवर्ड त्यांनाच सांगितला, आणि ताईंच्या वहीत लिहिला.

कॅबिनेटच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला: सेल सीआर२०३२, बदलला ७ नोव्हेंबर २०२५. सकाळी काहीच निघालं नाही तर आधी घड्याळ बघा, मग मोड "फक्त यूईएफआय" करा, मग सेल बदला. रोज मेन बंद होत असल्यानं तीनेक वर्षं धरून चालतो.

८ डिसेंबर, सोमवार

फोनवर विचारपूस. सकाळी मिंट, टायपिंगच्या वेळी विंडोज, सरावाच्या तारखा बरोबर. साडेदहावाल्या मुलीचे जुने सराव दुरुस्त करता येतील का, असं ताईंनी विचारलं. सॉफ्टवेअर जुन्या नोंदी बदलू देत नाही. तिला सांगा, वेग मोजताना घड्याळ बघत नाहीत, शब्द बघतात.

यूपीएसच्या बॅटरीचं कोटेशन ग्रामपंचायतीत दिलं. मासिक सभेत घेतो म्हणाले.